कैद्याचा कागद



या शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी कृतज्ञ आहे. आजचा विषय आहे फौजदारी न्याय, तुरुंगाचा कायदा आणि मानवी हक्क. विषय विस्तीर्ण आहे आणि मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, वकील नव्हे. म्हणून कलमांची जंत्री वाचण्याऐवजी मी एका अगदी साध्या वस्तूचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे कागद. तुरुंगातून बाहेर येणारा कागद आणि बाहेरून तुरुंगात जाणारा कागद.

कैद्यांच्या छळाचा विचार मनात आला की आपल्या डोळ्यांपुढे चाबूक, बेड्या आणि अंधारकोठडी उभी राहते. तो छळ खरा आहे आणि तो संपलेलाही नाही. परंतु गेल्या साठ-सत्तर वर्षांतील न्यायनिर्णय वाचताना मला पुनःपुन्हा असे दिसले, की माणसाचा हक्क बहुधा चाबकाने नव्हे, तर न पोहोचलेल्या, न वाचता आलेल्या किंवा कपाटातच राहून गेलेल्या कागदाने हिरावला जातो. हक्क राज्यघटनेत लिहिलेला असतो. परंतु ज्याचा तो हक्क आहे त्याच्या हाती, त्याला कळेल अशा भाषेत तो येईपर्यंत तो असून नसल्यासारखाच असतो. एवढेच माझे आजचे सांगणे आहे.

१

प्रारंभ सुरतेपासूनच करू. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीतील माणसे तोफगोळे घेऊन त्याच्या मदतीस गेली आणि त्यांनी तेथे आपले निशाणही फडकावले. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरावर स्वारी करून हेन्री रेव्हिंग्टन, फिलिप गिफर्ड आदी इंग्रजांना कैद केले. वासोटा, तसेच कोकणातील सोनगड अशा किल्ल्यांवर त्यांना ठेवण्यात आले. तेथून हे कैदी पत्रे लिहीत, आणि ती पत्रे येत ती सुरतेच्या वखारीतील अध्यक्षाकडे व त्याच्या मंडळाकडे. आमची सुटका का करीत नाही, असा त्यांचा सूर असे. सुरतेहून १६६२ साली गेलेले उत्तर मोठे कठोर होते. तुम्ही कंपनीच्या मालाचे रक्षण करताना नव्हे, तर पन्हाळ्याच्या वेढ्यात आपल्या निशाणाखाली गोळे फेकल्यामुळे कैदेत पडलात, असे सुरतकरांनी त्यांना सुनावले. १६६३ च्या आरंभी त्यांची सुटका झाली.

युद्धकैदी आणि फौजदारी कैदी यांत फरक आहे, हे मी विसरलेलो नाही. पण या प्रसंगातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सतराव्या शतकात, हक्क हा शब्दही या अर्थाने रूढ नसताना, किल्ल्यावरील कैद्याचे पत्र सुरतेस पोहोचत होते आणि सुरतेचे उत्तर, कडू का होईना, त्याच्या हाती पडत होते. त्या पत्रांमुळेच आज आपल्याला त्यांचा कारावास ठाऊक आहे. ज्याचा कागद बाहेर आला तो इतिहासात राहिला. ज्याचा आला नाही त्याचे नावही उरले नाही.

२

सुरतेचे नाव मराठी माणसाच्या मनात आणखी एका कारणाने आहे. डिसेंबर १९०७ मध्ये येथेच काँग्रेसचे अधिवेशन उधळले आणि जहाल व मवाळ यांची ताटातूट झाली. पुढल्याच वर्षी, २२ जुलै १९०८ रोजी, लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेस नेण्यात आले. १९१० - ११ च्या हिवाळ्यात त्यांनी तेथे 'गीतारहस्य' लिहिले, तेही शिसपेन्सिलीने. कारण शाईची परवानगी नव्हती. सुटे कागद मिळत नसत. पाने मोजलेल्या, बांधलेल्या वह्याच मिळत. जून १९१४ मध्ये टिळक सुटले तेव्हा त्या वह्या त्यांच्या हाती आल्या नाहीत. त्या सरकारकडेच राहिल्या आणि काही काळाने परत मिळाल्या. १९१५ च्या जूनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

सुरतेतील मराठी वस्तीत खानदेशातून आलेली घरे पुष्कळ आहेत. त्यांना धुळ्याच्या तुरुंगाचे महत्त्व सांगायला नको. १९३२ साली विनोबांनी तेथे कैद्यांपुढे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढल्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. आपल्या वाङ्मयातील ही अक्षरे तुरुंगाच्या दारातून बाहेर आली आहेत. परकीय सरकारने ती अडवली, तपासली, विलंबाने सोडली. परंतु शेवटी सोडली.

आता स्वराज्यातील एक प्रसंग पाहा. भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी मुंबईच्या तुरुंगात 'अणूच्या अंतरंगात' नावाचे मराठी पुस्तक लिहिले. विषय निव्वळ विज्ञानाचा. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी त्यांनी मागितली. महाराष्ट्र सरकारने ती नाकारली. सरकारचा युक्तिवाद असा, की स्थानबद्धाला नियमांनी जेवढे दिले तेवढेच त्याचे हक्क. आणि पुस्तक छापण्याचा हक्क काही नियमांत लिहिलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निर्णय दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ साली तेथेही हरले.

या निकालातील तत्त्व मला पायाभूत वाटते. स्थानबद्धतेच्या अटी म्हणजे सरकारने दिलेली बक्षिसे नव्हेत. त्या मूळ स्वातंत्र्यावरील मर्यादा होत. नियमाने जे काढून घेतलेले नाही, ते सारे त्या माणसाकडे शिल्लकच असते. तुरुंगाच्या दाराशी माणूस आपले सगळे माणूसपण जमा करून आत जात नाही. पुढे सत्तरच्या दशकात तिहारच्या कैद्यांसंबंधीच्या सुनील बत्रा खटल्यात आणि इतरत्र हेच तत्त्व विस्तारले. पण त्याची एक पहिली वीट एका मराठी विज्ञानपुस्तकाने रचली आहे, याचा आपणांस सार्थ अभिमान वाटावा.

३

बाहेर येणाऱ्या कागदाची ही कथा झाली. आत जाणाऱ्या कागदाची कथा अधिक दुःखद आहे.

माधव हयवदनराव होसकोट हे विद्यापीठातील अध्यापक. विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाबद्दल त्यांच्यावर खटला झाला. सत्र न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली. सरकारच्या अपिलावर उच्च न्यायालयाने १९७३ साली ती वाढवून तीन वर्षे केली. त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले तेव्हा चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि शिक्षा पूर्ण भोगून झाली होती. विलंब का, असे विचारता त्यांनी सांगितले, की निकालाची प्रत मला मिळालीच नाही. येरवड्याच्या तुरुंगाधीक्षकांचे म्हणणे असे, की प्रत आली होती, कारकुनाने ती कैद्यास दिलीही होती, परंतु राज्यपालांकडील दयेच्या अर्जास जोडण्यासाठी ती परत घेतली. मात्र प्रत मिळाल्याची कैद्याची सही कोठेच नव्हती.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १७ ऑगस्ट १९७८ च्या निकालात होसकोटांचा अर्ज फेटाळला. गुन्हा त्यांना गंभीर वाटला. परंतु त्या एका हरवलेल्या प्रतीवरून त्यांनी साऱ्या देशासाठी दंडक घालून दिला. कैदेची शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत दिली पाहिजे. ती तुरुंगामार्फत जात असेल तर अधीक्षकाने कैद्याची लेखी पोच घेतली पाहिजे. अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो पुरवला पाहिजे. मला यातील न्यायबुद्धी विशेष वाटते. ज्याचा अर्ज फेटाळायचा आहे, त्याच्याही हक्काची नोंद तेवढ्याच काटेकोरपणे घ्यायची. मानवी हक्क हे सज्जनांना दिलेले प्रशस्तिपत्रक नव्हे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

कागद पोहोचला, तरी तो वाचता आला पाहिजे. नागपूरच्या हरिकिसन नावाच्या स्थानबद्धास १९६१ साली स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत देण्यात आली. मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या, असे त्याने कळवले. इंग्रजी ही राज्यकारभाराची भाषा आहे, सबब भाषांतर देण्याचे कारण नाही, असे त्यास उत्तर मिळाले. १९६२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. कारणे कळवणे म्हणजे माणसाला समजतील अशा लिपीत व भाषेत कळवणे, असा त्या निकालाचा आशय आहे.

पुढे पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगातील पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत आपणांस मारहाण झाली, असे त्यांपैकी पाच जणींनी सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले; न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निर्देश दिले. स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, तेथे स्त्री पोलिसांचा पहारा, स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच, आणि दंडाधिकाऱ्याने प्रत्येक आरोपीस मारहाणीची तक्रार आहे काय हे विचारणे, हे त्यांतील प्रमुख. त्याच निकालात एक लहानसा निर्देश आहे. अटक झालेल्या व्यक्तीचे हक्क सांगणारे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजी या तीन भाषांत छापून प्रत्येक कोठडीत लावावे, आणि माणसाला ठाण्यावर आणताच त्याला समजणाऱ्या भाषेत ते वाचून दाखवावे.

वाचून दाखवावे, हे शब्द मला मोलाचे वाटतात. कारण निरक्षरासही हक्क असतात, हे त्यांत गृहीत धरलेले आहे. या सूत्राचा अलीकडचा धागा ६ नोव्हेंबर २०२५ चा आहे. मुंबईच्या वरळीतील मोटार-अपघातातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी व अटक झालेल्यास समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. ताबडतोब देता आली नाहीत, तर निदान दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या दोन तास आधी.

सुरतेत या दंडकाचे महत्त्व किती, हे आपण जाणता. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतील माग आणि कारखाने ज्यांच्या श्रमावर चालतात, त्यांत मराठी, ओडिया, हिंदी, भोजपुरी बोलणारे हजारो लोक आहेत. त्यांपैकी एखाद्यास रात्री पोलीस ठाण्यावर नेले, तर त्याच्यापुढील कागद बहुधा गुजरातीत असतो. घरची माणसे नंदुरबारला किंवा गंजामला. जामीन मंजूर झाला तरी स्थानिक जामीनदार आणायचा कोठून? हा प्रश्न जुना आहे. १९७८ साली मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याचा जामीनदार भाऊ, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. तरीही ३१ जानेवारी २०२३ रोजी त्याच न्यायालयास पुन्हा सांगावे लागले, की स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाधीक्षकामार्फत कैद्यास पाठवावी. आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे. १९७८ पासून २०२३ पर्यंत पंचेचाळीस वर्षे झाली. हरवलेली प्रत आणि परगावचा जामीनदार हे दोन्ही प्रश्न तेथेच उभे होते.

४

सदोष कागदाने काय होते, हे या शहराने दोनदा पाहिले आहे.

१९९३ साली येथे वराछा रस्त्यावर आणि रेल्वे स्थानकावर बाँबस्फोट झाले. वराछ्याच्या स्फोटात एक शाळकरी मुलगी मृत्युमुखी पडली. खटला 'टाडा' कायद्याखाली चालला आणि २००८ मध्ये आरोपींना शिक्षा झाल्या. जुलै २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकराही जणांना मुक्त केले. या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यापूर्वी जिल्हा पोलीस अधीक्षकाची मान्यता आवश्यक होती. प्रत्यक्षात मान्यता दिली होती ती राज्याच्या गृहखात्याने. एका योग्य सहीच्या अभावी एकवीस वर्षांचा खटला कोसळला. कोणी म्हणेल, हा तांत्रिक मुद्दा झाला. मी म्हणेन, एवढा कठोर कायदा वापरण्याआधी ठरलेल्या अधिकाऱ्याने स्वतः विचार करावा, हीच त्या कायद्यातील एकमेव कडी होती. ती न घातल्याने आरोपींची वर्षे गेली आणि त्या मुलीच्या आईवडिलांनाही न्याय मिळाला नाही. आरोपीचा हक्क आणि पीडिताचा हक्क एकमेकांच्या विरुद्ध उभे असतात, ही समजूत अशा वेळी पोकळ ठरते. दोघांचाही हक्क एकाच काळजीपूर्वक केलेल्या कामावर अवलंबून असतो.

दुसरा प्रसंग डिसेंबर २००१ चा. सगरामपुऱ्यातील एका सभागृहात अल्पसंख्याकांच्या शिक्षणावरील परिसंवादासाठी जमलेल्या १२७ जणांना बंदी घातलेल्या 'सिमी' संघटनेचे सदस्य म्हणून अटक झाली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून ते आले होते. जामीन मिळण्यास त्यांना महिनोन्‌महिने लागले आणि निकाल लागला तो मार्च २०२१ मध्ये. सुरतेच्या न्यायालयाने पुराव्याअभावी १२२ जणांना निर्दोष सोडले. ते शैक्षणिक कार्यक्रमासाठी जमले होते आणि जप्त केलेल्या साहित्याचा सिमीशी संबंध दिसत नाही, असे न्यायालयास आढळले. उरलेले पाच जण खटला चालू असतानाच वारले होते. एकोणीस वर्षांनी आलेला निर्दोषत्वाचा कागद त्यांच्या हाती कोण देणार?

महाराष्ट्रातील एक उदाहरण याहून थरकाप उडवणारे आहे. २००३ च्या एका भीषण गुन्ह्यात नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना फाशी सुनावली; २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच सुनावली. पुढे पुनर्विलोकन झाले, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपयांची भरपाई देण्यास सांगितले. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून निराळीच चार माणसे ओळखली होती. ती नोंद दप्तरात होती, पण तिचा पाठपुरावा कोणी केला नव्हता. सहा माणसांचे प्राण दप्तरातल्या एका कागदावर लटकत होते.

५

आणि काही कागद असे असतात, की ते नसावेत हाच हक्क. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्ह्याची नोंद चिकटवली. १९५२ मध्ये तो रद्द झाला. परंतु पारधी, छारा अशा समाजांवरील संशय तुरुंगांच्या नियमावल्यांतून आणि नोंदवह्यांतून राहून गेला. कोणी स्वयंपाक करावा आणि कोणी झाडलोट, हे काही राज्यांत जातीवरून ठरत असे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे उजेडात आणले आणि न्यायालयात दाद मागितली. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने असे नियम घटनाबाह्य ठरले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षे झाल्यावर एक रकाना खोडला गेला.

आकडे मी एकदाच सांगतो. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय नोंदीनुसार देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती; त्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे दर चारांत तीन, कच्चे कैदी होती. त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. यांच्यासाठी कायद्यात तरतूद नाही असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते, की जन्मठेप वा फाशीची शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात, पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कैदेत काढला असेल तर त्यास सोडावे. इतरांना अर्ध्या मुदतीनंतर. एकाहून अधिक खटले प्रलंबित असणाऱ्यांना मात्र हा लाभ नाही. मुदत भरताच न्यायालयास लेखी कळवण्याचे कर्तव्य तुरुंगाधीक्षकाचे आहे. म्हणजे पुन्हा एक कागद, जो कोणीतरी वेळेवर लिहिला पाहिजे.

मित्रहो, शाळेत आपण काय शिकतो? वाचावयास, लिहावयास, तारीख घालून अर्ज करावयास आणि पोच घ्यावयास शिकतो. हे शिक्षण आपल्याला इतके क्षुल्लक वाटते, की त्याची किंमत आपण कधी केलीच नाही. लाजपोरच्या कारागृहात ज्याला निकालपत्राची भाषा येत नाही, त्याला त्याची किंमत विचारावी. विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत विधी स्वयंसेवक म्हणून काम करण्यास वकिलीची पदवी लागत नाही. थोडे प्रशिक्षण, दोन-तीन भाषा आणि चिकाटी पुरते. मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही भाषा सहज बोलणारे माजी विद्यार्थी या सभागृहात शेकड्यांनी बसले आहेत. कोणा एका कैद्याचा कागद त्याला वाचून दाखवणे आणि त्याचा कागद योग्य टेबलापर्यंत नेऊन पोच घेणे, एवढे त्यांतील काहींनी मनावर घेतले, तर या स्मृतिव्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.